हँग्ड मॅन: पायाने टांगलेला माणूस आणि लोकांची नजर

आपला प्रश्न मी समजलो तो असा. शहरातील चांगली नोकरी सोडून आपण आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी गावी परतला आहात. पुढे काय होईल, या प्रश्नावर आपण टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांच्या संचातील, तीन पत्त्यांची मांडणी करून घेतली. भूतकाळाच्या जागी ‘चॅरिअट’, वर्तमानाच्या जागी ‘हँग्ड मॅन’ आणि भविष्याच्या जागी ‘एट ऑफ पेंटॅकल्स’ आला. रीडिंग करणाऱ्यांनी मधला पत्ता अशुभ ठरवला, आपला बळी दिला जात आहे असे सांगितले आणि पैसे घेऊन करावयाचा एक तोडगाही सुचवला. या पत्त्यातील चित्राचा खरा अर्थ काय आणि तो बळीचा पत्ता आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

तोडग्याचा विषय आधी बाजूला करतो. एखादा पत्ता वाईट आला म्हणून त्याची शांत करायची, ही रीत टॅरोची नाही. आपण ज्या डेकवर रीडिंग करून घेतले, त्या डेकचे कर्ते आर्थर एडवर्ड वेट यांनी पत्त्यांच्या अर्थांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक पत्त्याचे चित्र, सुलटे अर्थ, उलटे अर्थ (म्हणजे पत्ता डोके खाली करून आला तर घ्यायचे अर्थ) आणि मांडणीच्या पद्धती आहेत, उपाय नाहीत. टॅरोमध्ये पत्ता वाचला जातो, घालवला जात नाही. तेव्हा तो खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चित्र समोर ठेवा. हा डेक 1909 मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढला. योजना वेट यांची आणि सर्व 78 चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाशी जोडलेले होते. बाराव्या क्रमांकाच्या या पत्त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा लाकडी खांब आहे आणि त्याच्या आडव्या दांड्याला एक तरुण एका पायाने उलटा टांगलेला आहे. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून बांधलेल्या पायामागे आडवा गेला आहे, त्यामुळे पायांचा आकार इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दिसतो. हात पाठीमागे आहेत. ते बांधलेले आहेत की त्याने स्वतःच मागे घेतले आहेत, हे चित्र सांगत नाही. अंगरखा निळा, पायांवरचे घट्ट वस्त्र तांबडे, डोक्याभोवती पिवळे तेजोवलय. खांबाला हिरवी पाने फुटलेली आहेत.

जे चित्रात नाही, तेही पाहिले पाहिजे, कारण नवशिक्या वाचकाच्या हातून नेमके तेच सुटते. दोर गळ्याला नाही, घोट्याला आहे; हे मरणाचे चित्र नव्हे आणि त्याच्या लगेच पुढचा, तेराव्या क्रमांकाचा पत्ताच मृत्यूचा असल्यामुळे दोघांत गल्लत करण्याचे कारणही नाही. पायाखाली, किंवा इथे डोक्याखाली म्हणावे लागेल, जमीन दाखवलेली नाही. क्षितिज नाही, घर नाही, शिक्षा देणारा नाही आणि बघे तर मुळीच नाहीत. हा शेवटचा अभाव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण या चित्राच्या इतिहासात आहे.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता. उत्तर इटलीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना बावीस चित्रांचे हुकूम जोडले गेले आणि त्यातून हा खेळ तयार झाला. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख 1440 सालचा, फ्लॉरेन्समधील आहे. भविष्य पाहण्यासाठी या पत्त्यांचा पद्धतशीर वापर फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे हा टांगलेला माणूस केवळ एक हुकूम होता आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला तो कोण आहे हे ठाऊक होते. तो विश्वासघातकी होता. कित्येक जुन्या इटालियन याद्यांत आणि खेळांत या पत्त्याचे नावच ‘इल त्रादितोरे’, म्हणजे दगाबाज, असे आहे.

त्या काळच्या इटालियन नगरराज्यांत ‘पित्तुरा इन्फामान्ते’ नावाची शिक्षा होती. दगाबाज, कर्ज बुडवून पळालेला, अफरातफर करणारा किंवा शत्रूला मिळालेला माणूस हाती लागला नाही, तर सरकारी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचे पायाने उलटे टांगलेले चित्र रंगवले जाई. शरीर सापडले नाही तरी अब्रू हाती होती, आणि तीच टांगली जाई. 1440 मध्ये आंगियारीच्या लढाईनंतर आंद्रेया देल कास्तान्यो या चित्रकाराने फ्लॉरेन्समध्ये बंडखोरांची अशी चित्रे काढली आणि तेव्हापासून त्याला ‘टांगलेल्यांचा आंद्रेया’ हे टोपणनाव चिकटले. पुढे 1530 च्या सुमारास, फ्लॉरेन्सच्या वेढ्यात पळून गेलेल्या सेनाधिकाऱ्यांची अशीच चित्रे काढण्याचे काम आंद्रेया देल सार्तो याच्याकडे आले. त्यासाठी केलेली त्याची रेखाटने आजही उफित्सी संग्रहालयात आहेत, आणि त्यांतील माणसे पाहिली की टॅरोचा पत्ता आठवल्याशिवाय राहत नाही. ही प्रथा स्मृतीतून किती उशिरापर्यंत पुसली गेली नव्हती, ते एप्रिल 1945 मध्ये मिलानच्या चौकात मुसोलिनीचे प्रेत पायाने टांगले गेले तेव्हा दिसले.

मिलानचा उल्लेख आलाच आहे, तर स्फोर्झा घराण्याची हकीकत सांगितली पाहिजे. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत देखण्या टॅरो डेकपैकी एक व्हिस्कोंती-स्फोर्झा डेक आहे. तो फ्रान्चेस्को स्फोर्झा 1450 मध्ये मिलानचा ड्यूक झाल्यानंतरच्या काळातला मानला जातो. या फ्रान्चेस्कोचे वडील मुत्सिओ आत्तेंदोलो हे भाडोत्री सैन्याचे सेनापती होते. त्यांनी पोपपदाचा दावेदार असलेल्या तेविसाव्या जॉनची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाची बाजू धरली, तेव्हा रोममध्ये त्यांचे पायाने टांगलेले चित्र जाहीरपणे रंगवले गेले आणि त्यांच्या खेडवळ कुळाची टवाळी केली गेली. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाची अशी विटंबना झाली, त्याच घराण्याच्या सोनेरी वर्खाच्या डेकमध्ये हा पत्ता आहे, आणि त्यावरचा तरुण विलक्षण शांत आहे. चित्रकाराने तो मुद्दाम शांत काढला, असा दावा मी करणार नाही; त्या डेकमधील बहुतेक चेहरे तसेच आहेत. पण अपमानाचे चित्र आणि शांत चेहरा यांची जोडी तेव्हापासून या पत्त्यासोबत आहे. चेहऱ्याइतकाच हात-पायांचा तपशीलही बोलका असतो: पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील, सहाव्या चार्ल्सच्या नावाने चुकीने ओळखल्या जाणाऱ्या डेकमध्ये या माणसाच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. दगाबाजी कशासाठी केली, हे तिथे वेगळे सांगावे लागत नाही.

मग हा दगाबाज ‘ज्ञानी’ कधी झाला? पहिली कलाटणी 1781 मध्ये मिळाली. आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे, असे प्रतिपादन केले. त्याला कसलाही पुरावा नव्हता, आणि इजिप्तची चित्रलिपी तोवर कोणालाच वाचता येत नव्हती. या पत्त्याबद्दल त्याचा युक्तिवाद मात्र चतुर आहे. युरोपीय परंपरेतील चार मुख्य सद्गुणांपैकी न्याय, धैर्य आणि संयम हे तीन टॅरोमध्ये आहेत, मग चौथा, म्हणजे विवेक, कुठे आहे? त्याचे उत्तर असे की हाच तो पत्ता. एक पाऊल टेकवून दुसरे कुठे ठेवावे याचा विचार करणारा माणूस मुळात उभा होता आणि अडाणी पत्तेवाल्याने तो उलटा छापला. इतिहास म्हणून हे टाकाऊ आहे. तरीही विवेक, सावधपणा, पुढचे पाऊल रोखून धरणे हे अर्थ तिथून या पत्त्याला जे लागले ते कायमचे, आणि वेट यांच्या अर्थांच्या यादीतही ते आहेत.

एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने हात-पायांच्या आकृतीत क्रॉस आणि त्रिकोण पाहिले आणि त्यावरून किमयाशास्त्रातील परमसिद्धीशी संबंध जोडला. गोल्डन डॉनने या पत्त्याला ‘मेम’ हे हिब्रू अक्षर आणि जलतत्त्व दिले. आजकाल काही जण नेपच्यून ग्रहही जोडतात. ते नंतरचे आहे, आणि मला स्वतःला त्याची गरज कधी भासलेली नाही. जलतत्त्व मात्र उपयोगी पडते, कारण पाण्यात उतरलेल्या माणसाचे वजन पायांवर राहत नाही, आणि आधार बदलणे हाच या पत्त्याचा विषय आहे.

वेट आणि स्मिथ यांनी जे बदल केले, त्यांपैकी पानांचा बदल मी सर्वांत मोठा मानतो. त्याआधी प्रचलित असलेल्या मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या डेकमध्ये माणूस दोन झाडांच्या मधल्या दांड्याला टांगलेला आहे आणि त्या झाडांच्या फांद्या छाटलेल्या आहेत. नुसती खुंटे दिसतात. स्मिथ यांच्या चित्रात त्याच लाकडाला पालवी आहे. वेट यांनी पुस्तकात तीन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे: लाकूड जिवंत आहे, चेहऱ्यावर वेदना नसून खोल तंद्री आहे, आणि संपूर्ण आकृती थांबलेले जीवन सुचवते, मृत्यू नव्हे. पायांच्या ठेवणीत त्यांना स्वस्तिकाचा आकारही दिसला. तो मला काही केल्या दिसत नाही, पण आपल्याकडच्या वाचकांना ही माहिती रंजक वाटेल म्हणून सांगतो. याच ठिकाणी त्यांनी असेही नोंदवले आहे की या पत्त्याला हौतात्म्याचा, विवेकाचा, परमसिद्धीचा आणि कर्तव्याचा पत्ता म्हणणे चुकीचे आहे. त्यांच्या मते तो परमात्मा आणि विश्व यांच्यातील नात्याचा एक पैलू दाखवतो. गंमत अशी की अर्थांच्या यादीत त्यांनीच ‘त्याग’ हा शब्द घातला, आणि पुढची पिढी चित्राचे विवेचन विसरून त्या एका शब्दाला धरून बसली. आपल्या रीडिंगमधील ‘बळी’ तिथूनच आला असणार. वेट यांच्याच पूर्वीच्या मंडळातून आलेले अलेस्टर क्राउली यांनी तर या पत्त्याच्या संदर्भात त्यागाची कल्पनाच मुळातून नाकारली.

आपल्याकडे हा पत्ता शिकवताना गीतेच्या पंधराव्या अध्यायातील, मुळे वर आणि फांद्या खाली असलेल्या अश्वत्थाचा दाखला अनेकदा दिला जातो, आणि ज्ञानेश्वरीतील त्याचे वर्णन ज्यांनी वाचले आहे त्यांना तो मोहही होतो. पाश्चात्त्य शिक्षक त्याच मोहाने ओडिन देवाने वाऱ्यावरच्या झाडाला नऊ रात्री लटकून रूनांचे, म्हणजे प्राचीन लिपीतील गूढ अक्षरांचे, ज्ञान मिळवल्याची नॉर्स (उत्तर युरोपातील) कथा सांगतात. ध्यानासाठी अशी साम्ये जरूर वापरावीत. उगम म्हणून मात्र सांगू नयेत. त्या इटालियन रंगाऱ्यासमोर अश्वत्थ नव्हता, ओडिनही नव्हता, सरकारी इमारतीची भिंत होती.

माझे वाचन या भिंतीपासून सुरू होते. पायाने टांगणे ही शिक्षा शरीरासाठी नव्हती, लोकांच्या नजरेसाठी होती. बाजारात जाणाऱ्या-येणाऱ्याने वर पाहावे, नाव घ्यावे, थुंकावे, एवढ्यासाठी ते चित्र असे. स्मिथ यांनी तोच माणूस त्याच अवस्थेत घेतला आणि भोवतालची गर्दी, भिंत आणि गाव सगळे काढून टाकले. उरला तो माणूस, झाड आणि उजेड. म्हणून वर्तमानाच्या जागी हा पत्ता सुलटा आला की मी प्रथम विचारतो, या माणसाच्या आयुष्यात असे काय घडले आहे की जे जगाला उलटे दिसते आणि त्याला स्वतःला सुलटे? बढती नाकारणारा, ठरलेले लग्न मोडणारा, चालता धंदा बंद करून शिकायला बसणारा, घरासाठी नोकरी सोडणारा, असे लोक समोर असतात तेव्हा हा पत्ता मी फार वेळा पाहिला आहे. त्यांची तक्रार पैशांची नसते असे नाही, पण ती दुसऱ्या क्रमांकाची असते. पहिली असते, लोक काय म्हणतात याची.

या वाचनाला वेट यांच्या उलट्या अर्थांमध्ये आधार सापडतो. उलट्या हँग्ड मॅनसाठी त्यांनी दिलेले अर्थ तीनच आहेत: स्वार्थ, गर्दी आणि राजकीय समाज. नवशिके वाचक इथे गोंधळतात, कारण टांगलेल्या माणसाचा गर्दीशी काय संबंध हे त्यांना उमगत नाही, आणि मग ते ‘विलंब’, ‘अडथळा’ असे सोयीचे शब्द वापरून पुढे जातात. भिंतीवरची चित्रे ठाऊक असली की हे सरळ समजते. पत्ता फिरवला की माणूस पायांवर उभा राहतो, म्हणजे पुन्हा गर्दीत येतो. तिच्या मापाने स्वतःला मोजू लागतो. व्यवहारात उलटा हँग्ड मॅन मला बहुधा दोन रूपांत भेटतो. एक, निर्णय मनाने झालेला आहे पण चार माणसे काय म्हणतील म्हणून माणूस मागे फिरतो. दुसरे रूप अधिक अवघड आहे: माणूस त्याग करतो, पण त्याची खातेवही ठेवतो आणि प्रत्येक सणावाराला ती नातेवाइकांपुढे उघडतो. तिथे स्वार्थ हा शब्द कठोर वाटला तरी चपखल आहे.

यावरून कोणी असे समजू नये की हा पत्ता नेहमी सुखाचाच असतो. सुलट्या पत्त्यातही दोर खरा आहे. तो कोणी बांधला, हा प्रश्न टाळून केलेले रीडिंग मी अपुरे मानतो. माणसाने स्वतः स्वीकारलेले थांबणे आणि दुसऱ्याने लादलेले थांबणे यांचे चित्र एकच असू शकते. भेद शेजारच्या पत्त्यांवरून आणि त्याहून जास्त प्रश्नकर्त्याशी बोलून कळतो. सासरच्या वृद्धांची सेवा एकटीवर सोपवली गेलेली स्त्री समोर बसलेली असताना तिला तेजोवलयाचे महत्त्व सांगणे हा टॅरोचा दुरुपयोग आहे. तिथे दोर सोडवायचा आहे आणि कामाची वाटणी करायची आहे, आणि वाचकाने ते तसे म्हटले पाहिजे.

दुसरा दुरुपयोग याच्या उलट्या टोकाचा आहे आणि आजकाल तो अधिक दिसतो. “थांबा, विश्वास ठेवा, विश्व तुमच्यासाठी योग्य वेळ आणत आहे,” असे गोड वाक्य या पत्त्यावर सर्रास सांगितले जाते. स्पर्धा परीक्षेत वारंवार अपयश आलेल्या आणि दुसरे काहीच न करणाऱ्या मुलाला हे सांगणे म्हणजे त्याची वर्षे वाया घालवणे होय. टांगलेला माणूस वाट पाहत नाही. त्याच्या चेहऱ्यावर प्रतीक्षेचे काहीच चिन्ह नाही. तो जे पाहायचे ते आत्ता पाहतो आहे. म्हणून थांबलेल्या काळात दृष्टी बदलली का, हे विचारावे, आणि बदलली नसेल तर तो काळ या पत्त्याचा नव्हे.

शेजारचे पत्ते कसे मदत करतात ते थोडक्यात सांगतो. ‘एट ऑफ स्वोर्ड्‌स’मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री तलवारींच्या मध्ये उभी आहे, तो हँग्ड मॅनच्या बाजूला आला तर दोर बहुधा भीतीचा असतो आणि प्रश्नकर्त्याला सुटकेची वाट दिसत नसते. ‘डेव्हिल’ आला तर बंधनात काही गोडी आहे, हे तपासावे. तिथे गळ्यातल्या साखळ्या इतक्या सैल आहेत की त्या काढता येतील. ‘फोर ऑफ स्वोर्ड्‌स’ सोबत असेल तर मात्र तो सरळ विश्रांतीचा विषय आहे आणि त्याचे तत्त्वज्ञान करण्याची गरज नाही. डेकच्या मूळ क्रमातील शेजारही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेट यांनी आठव्या आणि अकराव्या पत्त्यांची अदलाबदल केली, त्यामुळे त्यांच्या डेकमध्ये हँग्ड मॅनच्या आधी न्याय येतो आणि नंतर मृत्यू. जुन्या मार्सेय क्रमात आधी धैर्य येते. शिक्षा म्हणून टांगणे असेल तर न्यायानंतरचा क्रम पटतो, स्वेच्छेने टांगून घेणे असेल तर धैर्यानंतरचा. मी दोन्ही क्रम मनात ठेवतो, आणि प्रश्नकर्त्याच्या हकिकतीला जो लागू पडतो तो वापरतो.

आणखी एक जोड डोळ्यांत भरते. बाराचे आकडे फिरवले की एकवीस होतात, आणि एकविसाव्या ‘वर्ल्ड’ पत्त्यातील नर्तकीचे पाय अगदी याच ठेवणीत आहेत: एक सरळ, दुसरा त्यामागे दुमडलेला. हँग्ड मॅनचा पत्ता उलटा धरून तिच्या शेजारी ठेवून पाहा. तो तिच्यासारखाच नाचताना दिसतो, फक्त तिच्याभोवती हिरवा हार आहे आणि याच्या घोट्याला दोर.

आता आपली मांडणी. चॅरिअटमध्ये चिलखत घातलेला विजेता नक्षत्रांच्या छताखाली रथात उभा आहे, त्याचे नगर त्याच्या पाठीमागे आहे आणि पुढे दोन स्फिंक्स आहेत. टॅरोच्या हुकमांना जुने नाव ‘त्रिओंफी’ होते, आणि त्याच नावाने रथांच्या विजययात्रा ओळखल्या जात. चॅरिअट हा पत्ता त्या यात्रेचाच आहे. लोकांनी बघावे, वाहवा करावी, असे ते स्थान. आपल्या शहरातील वर्षांचे हे वर्णन असेल, तर हँग्ड मॅन त्याचे अचूक दुसरे टोक आहे, कारण रथ आणि भिंतीवरचे उलटे चित्र या दोन्ही गोष्टी एकाच गर्दीसाठी होत्या. एक कौतुकासाठी, दुसरी निंदेसाठी. गावात आपल्याला कोणी दगाबाज म्हणणार नाही, पण “एवढं शिकून परत आला” हे वाक्य आपण ऐकले असेल असा माझा अंदाज आहे, आणि वडिलांच्या आजारपणाइतकेच ते आपल्याला टोचत असावे. आपल्या पत्रात शुश्रूषेबद्दल दोन ओळी आहेत, आणि सहकारी, नातेवाईक, शेजारी काय विचारतात याबद्दल त्याच्या कितीतरी पट.

तिसऱ्या पत्त्यावर एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने चांदणीचे नाणे कोरतो आहे. पूर्ण झालेली नाणी शेजारच्या खांबावर टांगलेली आहेत, आणि गाव पुन्हा दिसते, पण लांब, पार्श्वभूमीला. वेट यांनी याला काम, रोजगार, कारागिरी, शिकाऊ अवस्थेतील कौशल्य असे अर्थ दिले आहेत. म्हणजे काम परत येते आहे, परंतु रथ परत येत नाही. आधीच्या हुद्द्याला साजेसे काही मिळेल, असे हा पत्ता म्हणत नाही. हाताने शिकायचे, एकेक नग करायचे, बघ्यांपासून दूर राहून करायचे काम तो दाखवतो. ते गावातून करता येण्यासारखे असेल, किंवा नव्या क्षेत्रात खालच्या पायरीपासून सुरू करावे लागेल. आपण पुढच्या नोकरीचा शोध जुन्या पगाराच्या आणि पदाच्या आकड्यापासून सुरू करत असाल, तर या मांडणीच्या दृष्टीने तो शोध चॅरिअटचाच आहे.

दोर कोणी बांधला, हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल. परतण्याचा निर्णय आपला होता, असे आपण लिहिले आहे. तसे असेल तर बळीचा प्रश्न उद्भवत नाही. भावंडे असूनही सगळे आपल्यावर आले असेल, तर ती बाब पत्त्यांकडे न नेता भावंडांशी बोलावी.

याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा पत्ते काढू नका. दुसऱ्या मांडणीत ‘सन’ आला म्हणून पहिली मांडणी रद्द होत नाही, आणि मनासारखा पत्ता येईपर्यंत काढत राहिले तर तो कधीतरी येतोच. वडिलांच्या प्रकृतीत किंवा आपल्या कामात प्रत्यक्ष काही बदल झाला, तर नव्या प्रश्नाने नवी मांडणी करा, आणि प्रश्न “पुढे काय होईल” असा मोकळा न ठेवता कामापुरता ठेवा, म्हणजे ‘एट ऑफ पेंटॅकल्स’मधील ते काम कोणते, याचा शोध घेता येईल.